काउल फाटतं, डाख सुटतो, पिटो मोडतो: पत्र्याच्या विमानाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विमानाच्या स्केल मॉडेलसाठी धातूचे पार्ट घरच्या घरी कसे करायचे यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा कॉलम सगळा त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, बहुतेकांची अडचण हत्याराची नाहीये, पत्रा मऊ न करताच त्याला वळवायला घेतलंय आणि मग तो ऐकत नाही म्हणून अजून जोरात ठोकलंय. त्यामुळे खाली तेच तेच परत आलं तर कंटाळू नका, ते परत येणारच.

प्रश्न: जे.आर.डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून टपाल आणलं त्या पुस मॉथचं १/१६ स्केलचं मॉडेल मी पूर्ण स्क्रॅचमधून करतोय. सगळ्या बॉडीला अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा विचार आहे. सुरुवात नाकाच्या काउलपासून (इंजिनावरचं आवरण) केली, हार्डवेअरच्या दुकानातून २६ गेजचा पत्रा आणला, सागवानी साच्यावर ठोकला, पुढच्या गोलाईवर तीनदा फाटला. काय चुकतंय? (एक वाचक, पुणे)

आधी विमान फार छान निवडलंत हे सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२, कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू, आणि तेही एका इंजिनाच्या एवढ्याशा विमानातून, त्याचं मॉडेल महाराष्ट्रात कुणीतरी पत्र्यात करतंय हे वाचूनच बरं वाटलं.

पण सगळ्या बॉडीला पत्रा लावू नका, कळकळीनं सांगतोय. पुस मॉथचा पहिला नमुना १९२९ साली उडाला तो लाकडी होता, नंतर कारखान्यातून जी विमानं बाहेर पडली त्यांची बॉडी वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या नळ्यांची आणि वरून कापड ताणलेलं अशी होती, पंख लाकडी सांगाड्याचे आणि त्यावर परत कापडच. म्हणजे बाहेरून दिसणारा खरा पत्रा मुख्यतः इंजिनाभोवतीच. तुम्ही सगळीकडे पत्रा चढवलात तर कारागिरी कितीही सुंदर असली तरी ते पुस मॉथ दिसणार नाही, कापडाला दोन पट्ट्यांच्या मधे जो हलकासा खोलगटपणा येतो तो पत्र्यात येत नाही. काउल पत्र्याचं, बाकी टिश्यू पेपर आणि डोप (कागद ताणून घट्ट करणारं वार्निश), तेच शोभेल.

आता फाटण्याचं. २६ गेज म्हणजे ०.४६ मिमी. त्याला १६ नी गुणा, सव्वासात मिमीच्या पुढे गेला, एवढा जाड पत्रा खऱ्या काउलला लावला असता तर विमान जमिनीवरून हललं नसतं. शिवाय दुकानात मिळणारा पत्रा बहुतेक वेळा कडक असतो. तुम्हाला हवी ती वस्तू ऑफसेट प्रिंटिंग प्रेसमधे आहे. छपाई झालेल्या जुन्या प्लेटा, मोठ्या प्रेसमधून किलोवर भंगारात जातात, विनंती केली तर दोन-चार सहज देतात. जाडी साधारण ०.१५ ते ०.३ मिमी आणि धातू जवळजवळ शुद्ध अॅल्युमिनियम, हेच आपल्याला पाहिजे असतं कारण शुद्ध अॅल्युमिनियम तापवलं की लोण्यासारखं मऊ पडतं. १/१६ ला ०.१५ घ्या. हिशोबाने तीही जाडच आहे पण डोळ्याला खटकत नाही. एका बाजूला निळं किंवा हिरवं कोटिंग असतं ते थिनरनी पुसून काढा आणि ती बाजू आतल्या अंगाला ठेवा.

मऊ करायची रीत अशी. साधा कपडे धुवायचा वडीचा साबण घ्यायचा, पत्रा किंचित ओला करून त्यावर साबण घासायचा आणि वाळू द्यायचा, पांढुरका थर दिसला पाहिजे. मग छोट्या गॅस टॉर्चची ज्योत पत्र्याच्या खालून, लांबून, सतत हलती ठेवायची. साबण आधी पिवळसर होतो, मग चहाच्या रंगाचा, मग काळपट तपकिरी, आणि त्या काळपट क्षणी ज्योत बाजूला. झालं. जरा जास्त गरम केलं तर काय होतं ते मी स्वतः बघितलंय, माझं पहिलं काउल जवळजवळ पूर्ण झालं होतं, शेवटच्या एका सुरकुतीसाठी परत तापवायला घेतलं, फोनकडे लक्ष गेलं आणि परत बघतो तर मधोमध रुपयाएवढं भोक. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून तर साबण लावायचा, तो आपला थर्मामीटर.

मऊ पत्रा हातात घेतलात की लगेच कळेल. कडक प्लेट कोपऱ्याला धरून हलवली तर टणटण वाजते, मऊ झालेली नुसती लवते, आवाजच करत नाही.

आता ठोकायचा नाही, घोटायचा. शिसवी किंवा बाभळीच्या लाकडाची बोटाएवढी घोटणी करा, टोक गोल आणि काचपेपरनी गुळगुळीत, त्याला थोडं मेण लावा. साच्याच्या सगळ्यात उंच भागापासून सुरू करून बाहेरच्या कडेकडे छोट्या छोट्या फेऱ्यांनी पत्रा बसवत न्यायचा. कडेला चुण्या पडायला लागतील, त्या मोठ्या व्हायच्या आत दाबायच्या, एकदा चुणी स्वतःवर दुमडली की तिचं काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटं घोटलं की पत्रा परत कडक होतो, घोटणी घसरायला लागते, बोटाला उलटा जोर जाणवतो. तिथे थांबायचं. परत साबण, परत ज्योत. तुमच्या काउलला हे पाच-सहा वेळा करावं लागेल असा माझा अंदाज आहे आणि पहिल्या दोन वेळा वैताग येईल, येऊ द्या. तीनदा फाटला म्हणताय ना, तिन्ही वेळा तो आधी कडक झाला असणार आणि तुम्ही पुढे रेटलंत.

अजून एक, काउल एका तुकड्यात करायचा हट्ट करू नका. पुस मॉथचं जिप्सी इंजिन उलटं बसवलेलं असतं, चार सिलिंडर खाली लोंबते, म्हणून नाक असं अरुंद आणि खाली उतरलेलं दिसतं. खऱ्या विमानातही मेकॅनिकला आत हात घालता यावा म्हणून काउलचे वेगवेगळे पत्रे असायचे. फोटोत जिथे जोड दिसतो तिथेच तुमचा जोड ठेवा, काम निम्मं सोपं होतं आणि जास्त खरं दिसतं. आणि चाकांच्या पायांवरची ती चपटी फेअरिंग, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणारं आवरण, विसरू नका, पुस मॉथला ती आडवी फिरवून हवेत ब्रेकसारखी वापरता यायची, १/१६ ला ती खरोखर फिरणारी करता येईल, आत पितळी नळी घाला.

प्रश्न: १/१२ टायगर मॉथचे पाय पितळी नळी आणि पियानो वायरचे करतोय. एक जोड डाखला (सोल्डर केला) की शेजारचा सुटतो. त्यातून एकदा वायर सोनाराकडून चांदीच्या डाखानी जोडून आणली तर नंतर ती वायर मेणासारखी वाकली. (एक वाचक, नागपूर)

दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. वायरचं आधी. पियानो वायर म्हणजे थंड असतानाच ओढून कडक केलेलं स्टील, तिची सगळी ताकद त्या कडकपणात आहे. चांदीचा डाख सहाशे अंशांच्या वरती वाहतो, तेवढ्या उष्णतेत वायरचा कडकपणा उतरतो आणि राहते ती साधी तार. सोनाराचं काही चुकलं नाही, त्याला ती वायर कशाला हवीय हे माहीत नव्हतं. पियानो वायर नेहमी साध्या कथलाच्या डाखानीच जोडायची आणि नुसत्या डाखाच्या भरवशावर सोडायची नाही, जोडावर बारीक तांब्याची तार जवळ जवळ गुंडाळायची, मग त्यात डाख मुरवायचा. इलेक्ट्रिकच्या जुन्या वायरमधली एक तार सोडवून घ्या, तीच चालते.

जोड सुटायचं उत्तर क्रमात आहे. ज्या जोडाला सगळ्यात जास्त उष्णता लागते तो आधी. पितळ-पितळ मुख्य जोड चांदीच्या डाखानी करून घ्या (कॅडमियम नसलेला मागा आणि खिडकी उघडी ठेवा), त्यानंतरचे ६०/४० च्या साध्या डाखानी, तो १९० अंशांच्या आसपास वितळतो, आणि अगदी शेवटचे नाजूक जोड कथील-बिस्मथच्या डाखानी, तो १३८ लाच वितळतो. असं केलं की नंतरच्या कामाची धग आधीच्या जोडाला पोचली तरी तो हलत नाही. सगळं एकाच डाखानी करायचं असेल तर शेजारच्या जोडावर ओला कापूस गुंडाळा आणि काम पटकन उरका, डाखायच्या इस्त्रीचं (सोल्डरिंग आयर्नचं) मोठं टोक आणि दोन सेकंद हे बारीक टोक आणि वीस सेकंदांपेक्षा केव्हाही चांगलं. बारीक टोकाला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गरमी सगळीकडे पसरते, नवीन माणसाला हे उलटं वाटतं पण करून बघा.

आणि एक सवय लावून घ्या, आधी कल्हई मग डाख. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा तो आठवा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघायचा आणि मग कथील कापसाच्या बोळ्यानी एका झटक्यात सगळीकडे फिरवायचा, पितळ एका क्षणात चांदीसारखं. नवसागर तिथे मळ आणि गंज खातो म्हणून कथील चिकटतं. आपल्याला तेच छोट्या प्रमाणात करायचंय, दोन्ही पार्ट वेगवेगळे घासून, फ्लक्स लावून, त्यांच्यावर डाखाचा पातळ थर आधीच चढवायचा. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून नुसती इस्त्री टेकवली की जोड आपोआप बसतो, डाखाचा गोळा होत नाही, नंतर कानस मारायला लागत नाही. काम झाल्यावर अॅसिडवाला फ्लक्स असेल तर कोमट पाणी आणि ब्रशनी नीट धुवा, नाहीतर सहा महिन्यांनी रंगाखालून हिरवं फुटतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, टायगर मॉथच्या पंखांमधल्या तारा गोल करू नका. खऱ्या तारा हवेला कमी अडवाव्या म्हणून चपट्या, दोन्हीकडे निमुळत्या असतात, त्यामुळे एका बाजूनी बघितलं की जाड आणि दुसरीकडून जवळजवळ दिसेनाशा. अर्धा मिमी पितळी तार लाल करून मऊ करा आणि त्याच सोनाराकडे न्या, त्याच्याकडे तार चपटी करायचं रोलर मशीन असतंच, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: मी अकरावीत आहे. माझे आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात होते म्हणून त्यांच्यासाठी १/३२ मिग-२१ बिस करतेय. किटमधली पिटो ट्यूब (नाकावरची, हवेचा वेग मोजायची दांडी) प्लॅस्टिकची आहे, दोनदा मोडली. धातूची कशी करू? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

तुझं पत्र सगळ्यात आवडलं. मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलातून निवृत्त झालं, आजोबांना या वेळी हे मॉडेल मिळणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

मेडिकलमधून न वापरलेल्या, सीलबंद इंजेक्शनच्या सुया आण, १८, २१ आणि २६ नंबरच्या. त्यांच्या बुडाच्या प्लॅस्टिकचा रंग ठरलेला असतो, १८ गुलाबी, २१ हिरवा, २६ तपकिरी. बाहेरची जाडी साधारण १.२७, ०.८२ आणि ०.४६ मिमी, आणि गंमत म्हणजे २१ ची सुई १८ च्या आत घट्ट जाते आणि २६ ची २१ च्या आत, दुर्बिणीच्या नळ्यांसारखी. पहिलं काम, टोकदार भाग कापून टाकायचा आणि तो डबीत बंद करून वेगळा फेकायचा, हे मोठं कुणी जवळ असताना कर. पक्कडीनं कापू नकोस, नळी चेपून बंद होते. त्रिकोणी बारीक कानशीनं गोल फिरवत खाच पाड आणि मग हळूच वाकव, तट्कन तुटते. कापताना चष्मा लाव, स्टीलचा कण डोळ्यात गेला तर फार वाईट.

तिन्ही नळ्या एकात एक घालून सुपरग्लूचा एक एक थेंब, सुईच्या स्टेनलेस स्टीलला साधा डाख सहजी धरत नाही म्हणून त्या भानगडीत पडू नकोस. पायऱ्या दिसतात त्या थोड्या पुटीनं भरून बारीक पॉलिश पेपरनी निमुळत्या कर. लांबी ड्रॉइंगवरूनच मोज, अंदाजानी नाही. आणि जागा नीट बघ, आधीच्या एफएल मिगला ही दांडी नाकाच्या बरोबर वर मधोमध असते, बिसला ती पायलटच्या उजव्या हाताला सरकलेली असते. नाकात भोक पाडून किमान १० मिमी आत घाल, नुसती चिकटवलीस तर तिसऱ्यांदा मोडेल. शंका आली तर माझ्यापेक्षा आजोबांना विचार, त्यांनी खरी बघितलीय.

प्रश्न: मी दंतवैद्य आहे. दवाखान्यातली जुनी हत्यारं या कामाला येतील का? (एक वाचक, सातारा)

येतील म्हणजे काय, आमच्यातल्या निम्म्या लोकांना तुमचा हेवा वाटेल. होनोलुलूचे यंग पार्क हे दंतवैद्यच, त्यांनी १/१६ स्केलमधे मस्टँग आणि कोर्सेर ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं अॅल्युमिनियमच्या पत्र्यात केली, आतल्या सांगाड्यासकट. फोटो मिळाले तर जरूर बघा. तुमचे बर्निशर म्हणजे तयार घोटण्याच, वेगवेगळ्या गोलाईच्या, कोपऱ्यात आणि खोलगट जागी पत्रा बसवायला याहून चांगलं काही नाही. प्रोबनी पत्र्यावर पॅनेलच्या रेघा मारता येतील. दात कोरायचे जुने बर आणि हँडपीस बारीक खाचांसाठी. आणि दाताच्या साच्यात ओतायला तुम्ही जो दगडी प्लास्टर वापरता ना, तो साध्या प्लास्टरपेक्षा खूप कडक असतो, त्याचे घोटायचे साचे लाकडापेक्षा लवकर होतात आणि पत्र्याखाली दबत नाहीत. फक्त दवाखान्यात परत वापरायची हत्यारं आणि ही हत्यारं एकत्र ठेवू नका.

प्रश्न: इन्स्ट्रुमेंट पॅनेल, सीट बेल्टचे बक्कल वगैरे पितळात एचिंग करून (रसायनानं धातू खाऊन आकार काढून) घरी करता येतं का? धोका किती? (ठाणे, कोल्हापूर, पणजी, तीन वाचक)

करता येतं, पण एकाच विमानासाठी दोन बक्कल हवेत तर सोनाराच्या करवतीनं कापा, एका संध्याकाळी होतात. एचिंगचा खटाटोप वीस-पंचवीस सारखे पार्ट असतील तेव्हाच परवडतो.

करायचंच तर ०.१ ते ०.२ मिमी पितळ घ्या, दोन्ही बाजूंना ड्राय फिल्म (जिथे पितळ राहायला हवं तो भाग झाकणारी) लावून दोन्हीकडून एच करा, एकाच बाजूनी केलं तर फेरिक क्लोराइड (पितळ खाणारं द्रावण) कडेच्या खाली शिरतं आणि बारीक पट्ट्या बारीकच होत जातात. जिथे दुमडायचं तिथे एकाच बाजूला रेघ ठेवा, अर्धी जाडी खाल्ली जाते आणि घडी बरोबर तिथेच पडते, रेघ घडीच्या आतल्या बाजूला यायला हवी. द्रावण कोमट असलं की काम लवकर होतं, पण गरम करायला गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या तसराळ्यात प्लॅस्टिकचा डबा ठेवा.

धोक्याचं म्हणाल तर हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. कपड्यावर, फरशीवर पडलं तर डाग जात नाही. स्टीलच्या सिंकमधे ओतायचं नाही, ते स्टीलही खातं. आणि अॅल्युमिनियम यात चुकूनही टाकू नका, एकदम उकळून फसफसतं, डब्याबाहेर येतं. वापरलेल्या द्रावणात तांबं विरघळलेलं असतं ते गटारात सोडू नका, धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फेस थांबेपर्यंत शमवा, गाळ खाली बसू द्या, तो वाळवून बंद डब्यात ठेवा आणि तुमच्या गावात घातक कचरा वेगळा घेतात तिथे द्या. एवढं सगळं करायची तयारी नसेल तर एचिंग करू नका, मनापासून सांगतोय.

प्रश्न: अॅल्युमिनियमला पितळी पार्ट डाखता येतो का? सुपरग्लूनं लावलेले सगळे निघून येतात. (एक वाचक, जळगाव)

साध्या डाखानी नाही. अॅल्युमिनियम घासलं की लगेच हवेनी त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो, डाख त्या पापुद्र्यावरच बसतो आणि सुटतो. सुपरग्लू धातूवर धक्क्याला टिकत नाही. दोन्ही बाजू ४०० नंबरच्या पेपरनी घासा, थिनरनी पुसा, त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेलच पुरेसं असतं, आणि सावकाश वाळणारं दोन ट्यूबवालं इपॉक्सी लावा. पाच मिनिटांत वाळणारं घेऊ नका, रात्रभरवालं घ्या. पार्टला एखादी अर्ध्या मिमीची खुंटी डाखून ती पत्र्यातल्या भोकात घातलीत तर मग सुटायचा प्रश्नच नाही.

प्रश्न: रिव्हेट कसे उठवायचे? आणि लातुरात हे सामान कुठे मिळणार, सगळे पुण्या-मुंबईचेच पत्ते देतात. (एक वाचक, लातूर)

रिव्हेट पत्रा चिकटवायच्या आधी, मागच्या बाजूनी, खाली जुनं रबरी मॅट ठेवून. शिंप्याचं दातेरी ट्रेसिंग चाक बहुतेकांना सुचतं पण १/१६ ला त्याचे दाते फार लांब लांब पडतात, जुन्या गजराच्या घड्याळातलं पितळी दातेरी चाक दाभणाच्या मुठीत बसवा, ते जमतं. स्टीलची पट्टी धरूनच चालवा, रिव्हेटची ओळ वाकडी गेली की ती सगळ्यात आधी दिसते.

सामानाबद्दल तुमची तक्रार बरोबर आहे. पुण्यात बोहरी आळी आणि तपकीर गल्ली, मुंबईत नागदेवी आणि लॅमिंग्टन रोड, हे सगळे लिहितात, मीही लिहिलं होतं. पण लातुरात बसून बघा. प्रिंटिंग प्रेस आहे, तिथे प्लेट. गाड्यांच्या गॅरेजला किंवा बेअरिंगच्या दुकानात पितळी शिम मागा, ०.०५ पासून पुढे मोजून दिलेल्या जाडीचा पत्रा मिळतो, इतकी नेमकी जाडी मोठ्या शहरातल्या पत्र्याच्या दुकानात पण मिळत नाही. सराफ कट्ट्यावर करवतीची पाती, टाकणखार आणि चांदीचा डाख. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे बारीक चिमटे आणि ते दातेरी चाक. मेडिकलमधे सुया. पत्रा गेजमधे मागायची वेळ आली तर लक्षात ठेवा, गेज वाढला की पत्रा पातळ, २२ म्हणजे ०.७१ मिमी, २८ म्हणजे ०.३८, ३२ म्हणजे ०.२७, ३६ म्हणजे ०.१९. दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर न जाता व्हर्नियर खिशात ठेवा.

प्रश्न: प्लॅस्टिक शीटमधे हे सगळं सोपं होत असताना धातूचा एवढा अट्टहास कशाला? (एक वाचक, बेळगाव)

जिथे प्लॅस्टिकनं भागतं तिथे प्लॅस्टिकच वापरा, मीही वापरतो. धातू तीन ठिकाणी. मॉडेलचं वजन पेलणारे पाय, कारण प्लॅस्टिकचे पाय वर्षा-दोन वर्षांत हळूहळू फाकतात. पातळ कड उघडी दिसते अशा जागा, काउलची कड, दारं, फ्लॅप. आणि जिथे खऱ्या विमानाचा धातू रंगाशिवाय दिसतो तिथे, चंदेरी रंग कितीही चांगला असला तरी उन्हात धरल्यावर पत्र्याची चमक वेगळी कळते. माझ्या टेबलावर एक अर्धवट नॅट विमान आहे, त्याच्या चाकांचा दरवाजा आधी प्लॅस्टिकचा होता, नंतर पत्र्याचा केला, दोन्ही शेजारी ठेवलेत. कुणीही घरी आलं की न विचारता पत्र्याचाच उचलतं.

पत्र: मी तांबट आळीतला, तीन पिढ्या तांब्या-पितळेचं काम. तुम्ही मागच्या अंकात पितळ लाल करा आणि लगेच पाण्यात टाका लिहिलंय. तांब्याचं बरोबर, पितळेचं नाही. पितळ लाली उतरेपर्यंत थांबायचं, नाहीतर तडकतं. (एक वाचक, कसबा पेठ, पुणे)

दादा, तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. तांबं लाल असताना पाण्यात टाकलं तरी चालतं, पितळात जस्त असल्यामुळे सगळ्या जातींना तो झटका सोसत नाही. सगळ्यांनी ही दुरुस्ती करून घ्या: पितळ अंधाऱ्या जागी जेमतेम लाल दिसेपर्यंत तापवायचं, लाली पूर्ण गेली की मग पाण्यात, आणि वरचा काळा थर चिंचेच्या किंवा लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात सोडवायचा.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की मॉडेलवाल्या पोरांच्या हातोड्या बघून वाईट वाटतं, तोंडावर खड्डे असतात. तेही छापतोय. मठाराच्या, म्हणजे ठोकून घडवायच्या कामात हातोडीचं तोंड आरशासारखं लागतं कारण तिच्यावर जे असेल ते प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर उमटतं. ज्यांना घोटून जमत नाही आणि ठोकायचंच आहे त्यांनी आधी हातोडी ४००, ८००, १२०० नंबरच्या पेपरवर आणि शेवटी पॉलिशच्या वडीवर घासा, तोंडात आपला चेहरा दिसेपर्यंत, आणि त्या हातोडीनं कधीही खिळा ठोकू नका.